दिनूने आणलेला दुसरा भाग

परवा आष्टीच्या शिवारात ज्वारीवरची पाखरं हाकलायला टांगलेली सीडी चमकली आणि वीस वर्षांपूर्वीची जळजळ पुन्हा घशाशी आली.

शाळकरी पोरांना बेटावर सोडून एकमेकांच्या जिवावर उठवणारा तो जपानी सिनेमा तेव्हा गावात मी एकट्यानेच पाहिला होता. बाजारओट्यावर मी त्याची स्टोरी सांगू लागलो की गोठ्यातल्या म्हशी पान्हा चोरायच्या. मग चुलतभाऊ दिनूने औरंगाबादहून त्याच्या दुसऱ्या भागाची सीडी आणली. अख्खी गल्ली त्याने आपल्या घरात कोंबली. सिनेमा इतका रटाळ निघाला, की कोपऱ्यातलं मांजरही उठून गेलं. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी बघतो तर ओट्यावर दिनू स्टोरी सांगतोय. पडद्यावर नुसता भाषणं ठोकणारा हिरो त्याच्या तोंडून दातात सुरी धरून समुद्र पोहून राह्यला होता.

"असं काही न्हाई त्याच्यात," मी म्हणालो. "तुम्ही सगळ्यांनी पाह्यलंय ना काल?"

"पाह्यलंय," दिनूवरची नजर न काढता गणपतमामा म्हणाले. "तू गप बस जरा. मंग काय झालं रं, दिनू?"

हा प्रश्न तोवर गावात फक्त मला विचारला जायचा. उठून जाणार होतो, पण पुढं काय झालं ते मलाही ऐकायचं होतं.