मृदंगाच्या कणकेवर बसलेला पिकअप

मंडळींनो, आज आमच्या रोझ बेल गावच्या गणपतीत दिनूकाकांची फुगीर छातीची जुनी गिटार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली!

गेल्या वर्षी झाकरी नाचगाण्याच्या गजरात ती बुडाली होती. आज ऐकू आली नाही, तर काकांना गटातून वगळायचं ठरलं होतं. लाकडाची थरथर लाउडस्पीकरपर्यंत नेणारी पिएझो पिकअपची चकती मी आणली. पण काका भोक पाडू देईनात, गोंदही लावू देईनात.

"नवरी आहे का ती, दिनू?" म्हणत मृदंगवाल्या सोमाभाऊंनी मृदंगाच्या तोंडाला लावायच्या कणकेचा गोळा तोडला आणि चकती गिटारीच्या तारा टेकतात त्या घोडीशी चिकटवली.

काकांनी तार छेडली. गटप्रमुख गाणं थांबवून ओरडले, "आयो! रेकॉर्ड करायला टेप लावा रे, दिनू पुन्हा वाजवणार!"

तुमच्या गटात कोण न ऐकताच वगळलं गेलंय?