वालाच्या वाफ्यात आबांचं बुजगावणं

सशाला मी कधीच शत्रू मानलं नाही. त्यानं माझं जे काही नुकसान केलं, ते मीच त्याला पाट मांडून, ताट वाढून करून घेतलं.

गोष्ट सत्तर सालाच्या आसपासची. मी सुरतेत एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि उधन्याच्या टोकाला भाड्यानं राहत होतो. पुढच्या भागात घरमालक, मागच्या दोन खोल्यांत मी आणि बायको. मागच्या दाराला थोडं पडीक अंगण, त्यापुढे गवत आणि ज्वारीची शेतं. एका कानात यंत्रमागांचा खडखडाट, दुसऱ्या कानात तित्तिराची ओरड, अशी आमची वस्ती.

त्या वर्षी गावी आई गेली आणि वडिलांना मी खानदेशातून सुरतेला घेऊन आलो. 'घेऊन आलो' हे कचेरीत सांगायला. खरं म्हणजे उचलून आणलं. आईमागे आबा दोन महिने एकटे राहिले, त्यात तापानं दोन दिवस पडून होते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता नव्हता. चुलतभावानं पत्रात हे लिहिलं आणि खाली एक ओळ जोडली, 'तुम्ही एकुलते एक आहात.' त्या ओळीनं मला गाडीत बसवलं.

आबा आले आणि गप्प बसले. चाळीस वर्षं शेतात काढलेला माणूस. दोन खोल्यांत काय करणार? तापी इथेही होती, पण भरतीचं पाणी चाखून त्यांनी तिला ओळख द्यायला नकार दिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली. आत आईनं धरलेलं वालाचं बी.

"भाऊ," ते मला म्हणाले, "आठे हाऊ वाल फुलना तर मी ऱ्हास. नही तर मी गावले जास."

वाल फुलला तर राहणार, नाही तर परत त्या रिकाम्या घरात. मी म्हटलं, "आबा, वालाचं काय घेऊन बसलात, मी तुम्हाला इथे मळा करून दाखवतो." माझं शेतीचं ज्ञान तोवर कुंडीतल्या तुळशीपर्यंत पोचलं होतं आणि तिलाही पाणी बायकोच घालायची.

निम्मं बी पेरलं. आठवड्यात जाड, हिरव्या माना वर आल्या. रविवारी सकाळी बघतो तर सगळ्या माना छाटलेल्या, जणू कात्रीनं. मी चष्मा पुसून खाली वाकलो आणि निदान केलं, "अळी."

तंबाखूचं पाणी शिंपडलं की अळी मरते हे हेडक्लार्कनं सांगितलं होतं. तंबाखू आबांच्या डबीतला घेतला. वाफ्यात काळसर गोल बिया सांडल्या होत्या, त्या मी एरंडाच्या समजून वेचून वाटीत ठेवल्या. आबांनी वाटी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "हाई ससानी लेंडी शे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तंबाखू कोठे शे?"

ससा म्हटल्यावर आबांच्या अंगात जीव आला. गावी ते फासा लावण्यात पटाईत. त्यांनी सुतळी मागितली, गाठ कशी मारायची ते दाखवायला लागले, आणि सशाचा रस्सा आई कसा करायची इथपर्यंत पोचले. तेवढ्यात पुढून घरमालक आले. वैष्णव माणूस, जरीचा लहानसा धंदा, आमच्याकडे अंडंसुद्धा शिजणार नाही या अटीवर खोल्या दिलेल्या. सुतळी बघून त्यांनी कानाला हात लावला. "मूंगा जीव छे, साहेब. बे पान खाय तो खावा दो." मुका जीव, दोन पानं खाईल तर खाऊ द्या, असं त्यांचं म्हणणं.

मी आबांच्या हातून सुतळी काढून घेतली. म्हटलं, "आबा, हे सुरत आहे. इथे असलं बोलायचंसुद्धा नाही."

आबा उठताना एवढंच म्हणाले, "आठे ससाले भाडं नही, आपले भाडं शे."

त्यानंतर वाफ्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मला तेव्हा वाटलं, पटलं त्यांना.

मग मी सल्ला गोळा करायला लागलो. कचेरीची सवय, एखाद्या कागदावर चार जणांचे शेरे पडल्याशिवाय तो खरा वाटत नाही. हेडक्लार्क, शिपाई, केस कापणारा, सायकलचं पंक्चर काढणारा, सगळ्यांना विचारलं. यांच्यापैकी कुणाचीही शेती नव्हती. घरात शेतकरी बसलेला होता, पण त्याच्याकडे फाइल पाठवायचं मला सुचलं नाही.

शिपायाचा सल्ला मला सर्वांत बुद्धीचा वाटला. सशाचं पोट बाहेरच भरलं तर तो आत कशाला येईल? देवळाबाहेर गाईंना घालायला रजक्याच्या पेंढ्या विकतात, म्हणजे आपला लसूणघास. रोज कचेरीतून येताना एक पेंढी आणायची आणि संध्याकाळी अंगणाच्या हद्दीबाहेर पसरायची. उरलेल्यातलं निम्मं बी पेरून मी हा तह अमलात आणला.

पहिल्या दिवशी दोन ससे आले. चौथ्या दिवशी पाच. त्यांनी रजका खाल्ला आणि चव बदलायला म्हणून वाल खाल्ला.

घरमालक मात्र भारावले. मराठी साहेब सशांना चारा घालतो हे त्यांनी गल्लीभर सांगितलं. पुढच्या एकादशीला बायका पदराखाली भाजीचे देठ, गाजरं, दुधीच्या साली घेऊन पुण्य करायला आमच्या अंगणात हजर. कडेवरच्या पोरांना दाखवायच्या, "जो, ससलुं!" आठवड्याच्या आत मी 'ससलावाळा साहेब' झालो. एका म्हातारीनं मला वाकून नमस्कार केला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही वाल लावताय की पांजरपोळ काढताय?"

"थोडा धीर धर."

"मी धरते. मामंजींनी कालच पेटीला तेल दिलंय. कुलूप गंजलं होतं म्हणे."

म्हणजे आबा गावी निघायच्या तयारीत होते. पुडीत आता चिमूटभर बी उरलं होतं. केस कापणाऱ्यानं सांगितलेला बुजगावण्याचा उपाय आठवला. त्याचं म्हणणं होतं, जनावराला ओळखीच्या माणसाची भीती वाटते. अंगणात दिवसभर कोण बसतं? आबा. सकाळी आबा नदीवर अंघोळीला गेले तेव्हा मी खुंटीवरचा त्यांचा सदरा, धोतर आणि काळी टोपी घेतली, आत पेंढा भरला, दोन बांबूंवर चढवलं. मला कलेचं अंग आहे हे तेव्हाच कळलं. खांद्याचा पोक, मान किंचित उजवीकडे, सगळं हुबेहूब. बायको पाणी भरायला गेली होती. ती असती तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

मी आत चहा घेत होतो. घरमालक मागे आले. "जय श्री कृष्ण, दादा," असं त्यांनी दोनदा म्हटलेलं ऐकू आलं. मग ते माझ्या दारात आले, तोंड उतरलेलं. "साहेब, तमारा बापूजी मारा पर नाराज छे? जवाब नथी आपता."

आणि त्यांच्या मागेच, ओल्या धोतरानं, हातात तांब्या घेऊन आबा उभे होते.

त्यांनी बुजगावण्याकडे पाहिलं. पेंढ्याचा पुतळा, स्वतःचे कपडे. आमच्याकडे असा पुतळा कधी करतात हे मला सांगायला नको: गेलेल्या माणसाचा देह हाती लागत नाही तेव्हा, जाळायला. पण हे आठवायला मला त्यांचा चेहरा बघावा लागला.

"मी आजून जित्ता शे, भाऊ," आबा म्हणाले.

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आत गेले आणि पेटी भरायला लागले. दुपारी भुसावळची गाडी होती. मी 'चुकलं, चुकलं' म्हणत त्यांच्या मागे फिरत होतो आणि ते पेटीत सदरे ठेवत होते, एकेक घडी नीट करून. मी त्यांच्या पायाला हात लावला, तर त्यांनी पाय उचलून पलीकडे ठेवला, पेटीला वाट करायला.

बायको कळशी घेऊन आली. अंगणात बघितलं, आत बघितलं. कळशी ठेवली, बुजगावणं उतरवलं, कपडे झटकून बादलीत भिजवले. मग दारात येऊन म्हणाली, "मामंजी, जायचं तर जा. पण ते उरलेलं बी सासूबाईंचं आहे. ते यांच्या हातात देऊन चाललात?"

आबांचे हात थांबले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, चांगला वेळ घेऊन बघितलं. नंतर धोतराचा काचा खोचला आणि म्हणाले, "कोयता दे."

गवताच्या कडेला बाभळी होत्या. आबांनी फांद्या तोडल्या, मी ओढत आणल्या, हात सोलवटून घेतले. त्यांनी वाफ्याभोवती काट्या रोवल्या, खालून वीतभर दाट, बोट शिरणार नाही अशा. तासाभरात कुंपण उभं. घरमालक काळजीनं विचारायला आले, काटे सशाला टोचतील का? आबा म्हणाले, "तो तुन्हा साहेबथून हुशार शे." घरमालकांना अहिराणी येत नव्हती, पण हसले.

"आबा," मी म्हटलं, "एवढं सोपं होतं तर पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"तू इचारं कवय?"

खरंच, मी कधी विचारलं होतं? एकदा ते आपणहून बोलले, तर मी हातातली सुतळी ओढून घेतली.

गाडी गेली. दुसऱ्या दिवशीची गेली, कारण बी पेरलं होतं आणि पाणी द्यायला हवं होतं. माना वर आल्या, वेल चढले, ससे काट्यांना नाक लावून परत गेले. माघात जांभळी फुलं धरली. त्या दिवशी जेवताना आबांनी सांगितलं, मी राहतो, पण एका अटीवर: भाऊनं वाफ्यात पाय ठेवायचा नाही.

मी अट कबूल केली. मग रोज सकाळी मी पाण्याची बादली घेऊन काट्यांपर्यंत जायचो, आणि आतून, वेलांतून, आबांचा आवाज यायचा, "तठेच ठेव."