काशिनाथने न खाल्लेली भाजी

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आमची आठ जणांची तुकडी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका वाळूच्या बेटावर टेहळणीला होती. मी नाशिकचा, रेडिओ ऑपरेटर. लान्स नायक काशिनाथ घोटीजवळच्या खेड्यातला. रेशनची बोट आठवड्याला यायची. त्या खेपेला दोन आठवडे आलीच नाही. डाळ संपली, नुसता भात उरला.

वाळूवर जाड पानांची एक वेल पसरलेली होती. काशिनाथ म्हणाला, "घोळीची बहीण हाय ही. आमच्या बांधावर लय असती घोळ." किनाऱ्यावरच्या कोळणी हीच पानं खुडताना त्याने पाहिल्या होत्या, कशी शिजवायची तेही विचारून घेतलं होतं. मंगळवारी संध्याकाळी त्याने पिशवीभर खुडून आणली.

बुधवारी ०६१० ला त्याच्या पोटात उजवीकडे कळ उठली. मी लगेच किनाऱ्यावरच्या तळाला मेसेज दिला.

"पेशंट सिरियस. बोट पाठवा. ओव्हर."

"बोट उद्या बघू. आऊट."

१३०० ला भाजी शिजली. काशिनाथ पडल्या पडल्या सांगत होता, "दोनदा उकळा, पानी फेका. मीठ नका टाकू, तिच्यातच हाय." स्वयंपाक्याने सवयीने टाकलंच. त्याला शिव्या घालत आम्ही सात जणांनी भांडं पुसून खाल्लं. काशिनाथला घोटभर पाणीही ठरत नव्हतं. दिवसभरात मी पाच मेसेज दिले. गुरुवारी ०७२० ला तो गेला. बोट ११०० ला आली. दोन्ही दिवस समुद्र शांत होता.

चौकशीला आलेल्या साहेबांनी कागदावर लिहिलं, 'अनोळखी वनस्पती खाल्ल्याने मृत्यू.' मी लॉगबुक पुढे केलं.

"सर, त्याने खाल्लीच नाही. आम्ही खाल्ली. आम्ही समोर उभे आहोत."

"विचारलं तेवढंच बोल."

मी गप्प बसलो, याची आजही चीड येते. बोट का निघाली नाही, यावर त्या कागदात एक ओळ नव्हती. ज्याने आमच्या पोटाची सोय केली, त्यालाच खुळ्यात काढलं!

सुटीत त्याच्या घरी गेलो. आई बांधावरची घोळ उपटून फेकत होती.

"पोरानं पाला खाल्ला म्हनं. गाव हसतंय. आता शिजत नाय ही आमच्यात."

मी तिला सगळं सांगितलं, वेळेसकट. मग म्हणालो, "आई, ही भाजी करा. मला जेवायचंय."

तिने केली. मी दोनदा मागून घेतली. ती बघत राहिली, मग स्वतःही एक घास खाल्ला. वाटी घेऊन उठली आणि दारातून शेजारणीला ओरडली,

"ये गं, खाऊन बघ! माझा काशिनाथ हिनं मेला नाय. बोट धाडली नाय, म्हनून मेला!"