वाचणाऱ्यांच्या विजयाताई

विजयाताईंनी माझी मुलाखत भर उन्हात, रस्त्यावर घेतली. विदर्भातल्या वणीत बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीवर त्यांचं वेबसाइट बनवण्याचं ऑफिस होतं. नुकताच त्याचाच कोर्स केलेली मी माझ्या कामाचे नमुने लॅपटॉपवर घेऊन गेले होते. पानं उलटताना फुलं पडायची, अक्षरं सरकत यायची. त्यांनी ते शांतपणे पाहिलं, त्यातलंच एक पान त्यांच्या मोबाइलवर उघडून माझ्या हातात दिलं आणि मला जिना उतरवून खाली आणलं. कोळशाचे ट्रक जात होते. "हं, वाच आता," त्या म्हणाल्या. पांढऱ्यावरची फिकट करडी अक्षरं मला दिसेचनात.

"पोरी, आपली वेबसाइट अशीच वाचतेत लोकं. उभ्यानं, धुळीत, एका हातात पिशवी धरून," त्या हसून म्हणाल्या. "सोमवारपासून ये."

त्यांचे वडील कोर्टात कारकून होते. ताईंनी नागपूरला डिझाइनचं शिक्षण घेतलं, तिथल्या एका कंपनीत बरीच वर्षं काम केलं, आणि आईच्या आजारपणासाठी म्हणून वणीला आल्या त्या इथल्याच झाल्या. उंच, सावळ्या, चष्मा कायम कपाळावर. लिहिलेली प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायच्या. वाचताना जीभ अडखळली की ती ओळ गेलीच.

एका जिनिंगच्या मालकांना पहिल्याच पानावर आपला भलामोठा फोटो हवा होता, सोबत स्वागताचं संगीत. ताई म्हणाल्या, "भाऊ, फोटो चांगलाच आहे तुमचा. पण कापूस घेऊन येणारा तो पाहाले नाही येत. गेट कधी उघडते, गाडी कुठी लावाची, हे पाहाले येते." मालक जरा फुगले. शेवटी फोटो तळाशी गेला आणि संगीत गेलंच. "तो काय शोधत आला ते पयले सांगा," हे ताईंचं आवडतं वाक्य. "आपलं कौतुक मंग."

पण मला सांगायचंय ते सिकलसेलच्या पानाबद्दल.

आमच्या भागात हा रक्ताचा आजार बऱ्याच घरांत आहे. गावातल्या एक लहान मुलांच्या डॉक्टर मॅडम एकदा ऑफिसात आल्या. त्यांनी स्वतः मेहनतीनं माहिती लिहून वेबसाइटवर टाकली होती, पण कुणी वाचत नव्हतं. "मुलं उशिरा येतात हो माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "फार उशिरा." पहिलं वाक्य होतं, 'सिकलसेल हा एक आनुवंशिक रक्तविकार असून...' ताईंनी तेवढंच वाचलं आणि विचारलं, "मॅडम, मी तुमच्या दवाखान्यात येऊन बसू का?"

त्या बसल्या. आठवडाभर, बाकावर, आयांच्या मधे. परत आल्या त्या आयांचे प्रश्न घेऊन. 'ताप आला तर घरीच थांबू का?' 'हे माझ्यामुळे झालं का?' 'पोरीचं लग्न होईल का?' हेच प्रश्न त्यांनी पानावरचे मथळे केले.

उत्तरांवरून मॅडमशी चांगलीच जुंपली. ताईंनी एके ठिकाणी लिहिलं होतं, 'औषधानं मूल बरं होतं.' मॅडमनी ते खोडलं. "औषधानं त्रास कमी होतो, ताई. आजार राहतो. खोटी आशा नको." ताईंनी ते लगेच मानलं. पण 'माझ्यामुळे झालं का' याचं उत्तर ताईंनी पुन्हा पुन्हा लिहिलं. शेवटी उरलं ते असं: 'नाही. हा आजार आई आणि वडील दोघांकडून येतो. दोष कुणाचाच नाही.'

"काहून इतका वेळ लावून राह्यल्या ह्या एका उत्तराले?" मी विचारलं होतं.

"तिथं एक बाई रडत होती," त्या म्हणाल्या. "सासरी तिले एकटीलेच बोलतेत."

सगळ्यात वर मात्र एकच ओळ, ठळक, काळी: 'सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर वाट पाहू नका. लगेच दवाखान्यात न्या.'

पान सुरू झालं. मग एका दुपारी राजूरची एक बाई, डॉक्टर मॅडमकडून पत्ता घेऊन, नवऱ्यासोबत जिना चढून आली. कडेवर सिकलसेल असलेली लेक. नवरा ट्रक चालवायचा. पोरीला ताप भरला तेव्हा तो म्हणत होता, सकाळी पाहू.

"मी काई भांडली नाही," बाई सांगत होती. "ते पान उघडून मोबाइल त्याइच्या हाती देल्ला. त्याइनंच वाचलं, अन् गाडी काढली."

नवरा मान खाली घालून म्हणाला, "मॅडम म्हनल्या, सकाळपावतर थांबलो असतो त पोरगी हाती नसती लागली."

माझे डोळे भरून आले. ताईंनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, बाईला पाणी दिलं, आणि चष्मा डोळ्यांवर ओढून विचारलं, "त्या पानात कळलं नाही असं काय होतं?"

बाई लाजली. "ते 'लक्षणं' म्हंजे काय, ते नाही समजलं."

ताई खुर्चीत बसल्या आणि तिच्यासमोरच त्यांनी तो शब्द काढला. 'असं दिसलं तर', एवढंच ठेवलं. मग स्क्रीन तिच्याकडे वळवली. "आता?" बाईनं ओठ हलवत वाचलं आणि मान डोलावली. आपलं काम इतकं मोठं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मागच्या उन्हाळ्यात ताई गडचिरोलीला गेल्या. तेच पान त्यांना गोंडीत करायचं आहे. पन्नाशी ओलांडल्यावर नवी भाषा शिकायला निघालेल्या बाईला सोडायला आम्ही बसस्टँडवर गेलो होतो. मी म्हटलं, "ताई, तुम्हाले त गोंडीचा एकही शब्द येत नाही."

"म्हणून त चालली," त्या म्हणाल्या. "आता बाकावर बसून ऐकाले लागन. वरून काही शिकवता येणार नाही मले."

ऑफिस आता मी चालवते. त्या पानावर डॉक्टर मॅडमचं नाव आहे, दवाखान्याचा पत्ता आहे. लिहिणारीचं नाव कुठेच नाही. ताईंनी ते टाकूच दिलं नाही. त्यामुळे ते कुणी लिहिलं असं कुणी विचारलं, की मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "आमच्या वणीच्या विजयाताईंनी."