आधी माझा पाय बांधा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, कुणी सल्ला देऊ लागलं की त्या पदर सावरून नीट बसत, सगळं शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग विचारत, "झालं? घरी कुणी ऐकत न्हाय म्हणून इकडं आलाव व्हय?" सल्ला देणारा पाणीही न पिता उठे.

सास्तूरकडच्या आमच्या गावात सल्ल्यांचं पीक बारमाही. त्यातलं निम्मं मल्लूभावजींच्या वाट्याला येई. हे आमचे धाकटे दीर. वय तिशीचं, मिशा भरदार, समज मात्र चार-पाच वर्षांच्या पोराची. गाव त्यांना खुळा म्हणे. अक्का म्हणत, "खुळा न्हाय, त्येला उशिरा कळतंय. तुमास्नी तर अजून कळालं न्हाय."

एका उन्हाळ्यात भावजींच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजून काळानिळा पडला, ताप चढला. माझ्या यजमानांनी त्यांना गाडीत घालून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं कण्हणारी गर्दी, फिनेलचा वास आणि रुमी टोपीतले डॉक्टरसाहेब. भावजी उंबऱ्यातच थिजले. साहेब ओरडले, "पकडो इसको!" चौघांनी हातपाय दाबून धरले. भावजी कंपाउंडरला कडकडून चावले आणि लंगडत पळाले, ते गाडीतल्या कडब्यात शिरले. "अगली बार बांधके लाओ, नहीं तो पाँव जाएगा," साहेबांनी बजावलं.

गावातल्या शहाण्यांनी संध्याकाळच्या आत दोर आणून दिला. पाटलांनी तर गाठ कशी मारायची तेही दाखवलं. अक्कांनी दोर ठेवून घेतला. "धुणं वाळत टाकाया लई चांगला हाय," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भावजींना गाडीत घालून, मला बरोबर घेऊन त्या स्वतःच निघाल्या. दुपार होती, गर्दी पांगली होती. आवारातल्या लिंबाखाली गाडी सोडली, भावजींना बैलांपाशी बसवलं आणि अक्का आत जाऊन म्हणाल्या, "सायब, आजारी माणूस भाईर हाय. तुमीच चला."

"बाहर? मैं जानवरों का डॉक्टर नहीं हूँ!"

"मग काल माझ्या दिराला जनावरावानी का धरलंवतं?"

साहेबांच्या टोपीचा गोंडासुद्धा हलायचा थांबला. राग आला की लाज वाटली, कोण जाणे, पण आले. अक्कांनी त्यांना कोट-टोपी काढायला लावली आणि स्वतःचा धडधाकट पाय पुढं केला. "आधी माझा पाय बांधा."

निजामाच्या राज्यातला एवढा मोठा अंमलदार उकिडवा बसून निरोगी पायाला पट्टी गुंडाळतोय, हे बघायला कंपाउंडर बोटाचं फडकं सांभाळत दारात आला. भावजी खुदकन हसले आणि त्यांनी आपणहून पाय पुढं केला.

"कुछ नहीं होगा," चिमटा उचलत साहेब म्हणाले.

"खोटं सांगू नका," अक्का फिस्कारल्या. "एकडाव फसला की तुमच्या वाऱ्याला उभा ऱ्हायचा न्हाय." मग भावजींचा हात धरला. "मल्ल्या, आता टोचंल. लई दुखंल. म्या हितंच हाय. ओरड खुशाल."

भावजींनी असा टाहो फोडला की बैल बुजले, पण पाय हलवला नाही. काटा निघाला, पू वाहिला, पाय वाचला. पुढच्या पट्ट्यांना साहेब टोपी आतच ठेवून बाहेर येऊ लागले. भावजी त्यांचा कान ओढून बघत, आणि साहेब बघू देत.

रझाकारांच्या धामधुमीत अक्का तापानं फणफणल्या. वाटा बंद होत्या, दवाखाना गाठता आला नाही. अक्का गेल्या. तेव्हा गावचे शहाणे म्हणाले, "मल्लूला कोंडून ठेवा, गोंधळ घालंल."

तोवर मी या शहाण्यांपुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी भावजींचा हात धरला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "भावजी, अक्का मेल्या. आता उठायच्या न्हाईत. त्यास्नी मातीत ठेवायचं हाय. तुमी चला."

आम्ही लिंगायत; गेलेल्या माणसाला विमानात, म्हणजे सजवलेल्या मखरात, बसवून खांद्यावर नेतो आणि पुरतो. भावजी मुकाट चालले. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी हळूहळू माती लोटली, जणू कुणी झोपलंय. गोंधळ झाला तो वाटेत, अक्कांच्या विमानाला पुढून खांदा कुणी द्यायचा यावरून. तो शहाण्यांनी घातला.