नवसाचं पोट

"मॅडम, वजन वाढून राह्यलं ना याचं! अन् तुम्ही म्हणता हा उपाशी हाय?"

संग्रामपूरकडच्या गोदाबाई माझ्यावर चांगल्याच तापल्या होत्या. त्यांचा मुलगा विठ्ठल शेजारी स्टुलावर बसलेला. चाळिशीचा, भाजीपाला पिकवणारा गडी. त्याला सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कायमचं कडक झालेलं. मी दवाखान्यात डाएटिशियन. पेशंटनं काय खायचं, ते मी ठरवते.

मी विठ्ठलला शर्ट वर करायला लावला. पोट टम्म. दंड मात्र माझ्या मनगटाएवढा.

"आजी, वाढलं ते पाणी आहे. पोटात साठलेलं. अंगावरचं मांस झडून चाललंय."

लिव्हर हे शरीराचं कोठार. धडधाकट माणसाला रात्रभर त्यातलं पुरतं. विठ्ठलचं कोठार रिकामं, म्हणून जरा उपास घडला की शरीर स्वतःचेच स्नायू खातं. अशात साधं इन्फेक्शन झालं तरी माणूस हातचा जातो. मी सांगितलं, मीठ कमी, पण दर दोन-तीन तासांनी खायचं. वरण, दही, अंडं. झोपताना दूध आणि फुटाणे.

"नाही जमत," विठ्ठल म्हणाला. "मायनं शेगावले नवस बोलला. पोट उतरेपर्यंत मी एकच टाइम जेवतो."

आता बोला! डोकंच फिरलं माझं. पण देवाशी भांडून पेशंट जेवणार नव्हता.

"आजी, नवस कुणी बोलला?"

"म्या."

"मग उपास यानं का करायचा?"

गोदाबाईंनी लेकाच्या दंडावरून हात फिरवला. "जेव बाप्पा तू. महाराजाले मी पाहून घेतो."

काही महिन्यांनी विठ्ठल स्वतःच्या पायांनी चालत आला. लिव्हर सुधारलं नव्हतं, पण औषधांनी पाणी बरंच उतरलं होतं आणि दंड भरले होते. मी जाम खूश! मागून गोदाबाई भिंत धरत आल्या. ब्लाउज अंगावर लोंबत होता.

"आजी, हे काय?"

"काही नाही व माय. आता मी एकच टाइम जेवतो. नवस कोणी तरी पाळाच लागते ना."

"अहो, पोट तर उतरलं त्याचं!"

"पुरं कुठं उतरलं अजून?"

मी रागावले, आणि रागावता रागावता डोळे भरून आले. विठ्ठलनं आईचा हात धरला. "चाल माय, कँटीनमधी. तू नाही जेवली तर मीबी नाही जेवत." गोदाबाई कुरकुरत गेल्या, पण जेवल्या.

हल्ली पेशंटचं डाएट लिहून झालं की सोबत आलेल्या बाईला विचारते, "तुम्ही काय खाल्लं?" बहुतेक जणी पेशंटनं काय खाल्लं तेच सांगतात.