जाफराबादच्या टॉकीजमधला मागचा बाक

मामेभावाचा फोन आला तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. फोन स्पीकरवर होता. जाफराबादची जुनी टॉकीज पाडणार आहेत, दिवाळीनंतर तिथं दुकानं होतील, असं त्यानं बोलता बोलता सांगितलं आणि तो मुलाच्या ॲडमिशनकडे वळला. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "पाडायच्या आधी मला एकदा घेऊन चल."

छोट्या गावांतल्या जुन्या थिएटरांवर मी या ब्लॉगवर बरंच लिहिलं आहे. आईनं त्यातलं काही वाचल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे मी तिच्याकडे बघत राहिले. ती पुन्हा मेथी निवडू लागली होती.

आम्ही संभाजीनगरहून सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. जालना तसं तासाभराचं. बदनापूरला नोकरदारांची गर्दी चढली-उतरली, आम्हाला खिडकीजवळची समोरासमोरची जागा मिळाली आणि तिथं आईनं मला सगळं सांगितलं. तिचं माहेर टेंभुर्णीजवळच्या एका खेड्यातलं. त्याच खेड्यात, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला, इंदू नावाची मुलगी होती. मोठ्या शेतीवाल्या घरातली. आईचं घर बौद्धवाड्यातलं. गावात दोघी एकमेकींशी बोलत नसत, बोलायची पद्धतच नव्हती. पण बाजारच्या दिवशी जाफराबादच्या टॉकीजमध्ये, बायकांच्या बाजूला, अंधार झाला की इंदू सरकत सरकत मागच्या बाकावर आईशेजारी येऊन बसायची.

"मग?"

"मग काय, पिक्चर बघायचो. मारामारी आली की ती माझ्या खांद्यात तोंड खुपसायची. 'झालं का गं?' असं विचारत राहायची. मी सांगेपर्यंत डोळे उघडायची नाही."

त्या थिएटरांची रचना मला ठाऊक होती. बायका आणि पुरुष यांच्यामध्ये जाड कापडाचा पडदा असे. दिवे मालवले की तो बाजूला करायचा, म्हणजे बायकांना पिक्चर दिसे. मध्यंतराच्या आधी बेल वाजली की दारावरची बाई घाईनं पडदा ओढून घेई आणि मगच दिवे लागत. बेल म्हणजे पुरुषांची नजर यायच्या आत सावरून बसा, एवढाच तिचा अर्थ मी आजवर लिहीत आले होते. आईनं दुसरा सांगितला. बेल झाली की इंदू उठून पुढे आपल्या चुलतीजवळ जाऊन बसायची. कधी इंदूला भान राहिलं नाही तर आईच बाजूला व्हायची. दिवे लागायच्या आत दोघींमध्ये अंतर पडलेलं असायचं.

"तीन-चार वर्षं चाललं असं. मग तिचं लग्न झालं. टेंभुर्णीतच दिलीय. मी नोकरीला लागले. बसस्टँडवर दोनदा दिसली होती. दोन्ही वेळा तिच्याबरोबर माणसं होती. बघितलं आणि मान वळवली तिनं." आई खिडकीबाहेर बघत होती. "आता ती उजेडात ओळख देते का, तेवढं मला बघायचंय. नाही दिली तर परत येऊ."

जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेली माझी आई. तिला कुणी ओळख द्यावी न द्यावी याची पर्वा असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पहिला दिवस जालन्यात काढला. तिथल्या एका जुन्या थिएटराचं मंगल कार्यालय झालंय. पडदा होता त्या भिंतीपुढे नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात. दुसऱ्याच्या दारात गाड्यांचे टायर विकायला ठेवले होते, वर तिकीटबारीची जाळी तशीच. पूर्वी इथूनच रिळांच्या पेट्या एसटीच्या टपावर चढून तालुक्याला जात. पावसात गाडी अडकली की जाफराबादची माणसं अर्धा पिक्चर बघून बसून राहायची, उरलेला अर्धा येईपर्यंत. आधी तंबू, मग पत्र्याची टॉकीज, मग व्हिडिओ, मग घराघरांत केबल. सगळ्या गावांची गोष्ट साधारण हीच आहे. तुम्ही जाणार असाल तर एक सांगते, फोटो काढायच्या आधी विचारा. आता ती कुणाची तरी दुकानं नाहीतर गोदामं आहेत.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर पोहे खाऊन टेंभुर्णीमार्गे जाणारी एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही. रस्ता आता बरा आहे, अधूनमधून काम चालू असल्यानं धूळ मात्र खावी लागते. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेलं, कापूस फुटलेला. आईनं बॅगेतून दुसरी साडी काढून मांडीवर ठेवली, थोड्या वेळानं पुन्हा आत ठेवली.

इंदूबाईंचं घर सापडायला वेळ लागला नाही. मुलाचं खताचं दुकान आहे, मागे घर. सुनेनं खुर्च्या दिल्या. इंदूबाई बाहेर आल्या. उंच, गुडघे धरून चालणाऱ्या, डोक्यावरून पदर. त्यांनी आईकडे बराच वेळ पाहिलं.

"कोन गावच्या तुमी?"

आईनं गावाचं नाव सांगितलं, माझ्या आजोबांचं नाव सांगितलं. तिथं नाव सांगितलं की वाडा कळतोच.

"हां," त्या म्हणाल्या. "बसा. च्या घेऊन जा."

चहा आला. सगळ्यांना एकसारखे कप होते. आईनं कपाकडे क्षणभर पाहिल्याचं फक्त मला कळलं असावं. बोलणं पाऊसपाण्यावर, गुडघ्यांवर, मुलाबाळांवर झालं. दोघी एकमेकींना अहोजाहो करत होत्या, ओळखपाळख नसलेल्या बायका करतात तसं. सुनेनं कुठून आल्या, कोण म्हणून विचारलं, तेव्हा इंदूबाई म्हणाल्या, "आमच्या गावच्या बाई हाइत." आईनं कप खाली ठेवला. मला तिथून उठावंसं वाटलं.

आईच उठली. म्हणाली, "निघतो आम्ही. जाफराबादला जायचंय. ती टॉकीज पाडून राह्यलेत म्हणे. हिला बघायची होती."

आई किती तरी वर्षांनी गावच्या बोलीत बोलली, आणि तेही माझं नाव पुढे करून.

इंदूबाई उठल्या. आत गेल्या. आम्ही चपला घालत होतो तेवढ्यात चांगलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन बाहेर आल्या. सून म्हणाली, "आत्या, एवढ्या उन्हात? गुडघे?"

"गुडघे संगच येतेत," त्या म्हणाल्या. "जल्दी जाऊन येते."

काळीपिवळी जीपमध्ये आम्ही तिघी मागे दाटीनं बसलो. मी मध्ये. नदीचा पूल ओलांडताना इंदूबाई एवढंच म्हणाल्या की आधी इथं पूल न्हवता असा, आणि आई "नव्हता" म्हणाली.

टॉकीज बाजारपेठेच्या मागे होती. दर्शनी भिंतीवर नावाची अक्षरं काढून घेतल्याच्या खुणा होत्या. आत एका व्यापाऱ्यानं सोयाबीनची पोती ठेवली होती. किल्ली शेखकाकांकडे होती. ते समोरच्याच पानटपरीवर बसतात, तुम्हालाही तिथंच भेटतील. त्यांनी दोन्ही म्हाताऱ्यांना बघून विचारलं, "कोनता पिक्चर लावू, मावशी?"

"रडायचा नको," इंदूबाई म्हणाल्या.

लाईट गेली होती. शेखकाकांनी दार लोटलं, आम्ही आत शिरलो आणि वाऱ्यानं ते मागे बंद झालं. पत्र्याच्या भोकांतून थोडे कवडसे येत होते, बाकी काळोख. पोत्यांचा कोंदट, तेलकट वास. लाकडी खुर्च्या कधीच विकल्या गेल्या असणार. पण बायकांच्या बाजूला भिंतीला धरून बांधलेला सिमेंटचा बाक होता. तो विकता येत नाही, म्हणून उरलेला.

दोघी चाचपडत तिथं गेल्या. काठीवाचून, एकमेकींना धरून. मी पोत्यांपाशीच थांबले.

मग इंदूबाईंचा आवाज आला, घरात ऐकला होता त्याहून बारीक.

"वच्छे."

आईचं नाव वत्सला. वच्छी म्हणणारं कुणी आता उरलेलं नाही, असं मी समजत होते.

"हं."

"झालं का गं?"

"न्हाई अजून. थांब."

त्यानंतर त्या हळू हळू बोलत होत्या. कुणाकुणाची नावं कानावर आली, एका चुलतीचं, एका मेलेल्या भावाचं. एकदा दोघी हसल्या. बसस्टँडचं काही बोलणं झालं, तेव्हा इंदूबाईच जास्त बोलल्या आणि आवाज खाली गेला. मी कान दिला नाही.

आणि लाईट आली. वर लटकलेला बल्ब भक्कन पेटला. ना बेल, ना पडदा. दारात शेखकाका उभे, त्यांच्यामागे बाजारातली दोन-तीन माणसं डोकावत होती. इंदूबाईंनी आईच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. आणि मी पाहिलं, आई झटकन बाजूला सरकली. पंचावन्न-साठ वर्षांपूर्वी सरकायची, तशीच. अर्धा हात अंतर टाकून, मांडीवर हात घेऊन ती नीट बसली. डोळे खाली.

इंदूबाईंनी दाराकडे पाहिलं. मग आईकडे.

"कुठं सरकून राह्यलीस?" त्या म्हणाल्या, आणि आईचं मनगट धरून तिला जागेवर ओढलं. "बस बराबर. म्या काय उठले का?"

आई बसली. दारातली माणसं बघत होती, बघू दिलं. शेखकाकांनीच मग त्यांना हटकून पाठवलं.

परत येताना टेंभुर्णीला इंदूबाई उतरल्या. मी काळीपिवळीत आता कडेला बसले होते.

घरी आल्यावर मी या लेखासाठी फोटो निवडायला बसले. नावाच्या खुणा, तिकीटबारी, पत्रा. बाकाचा एकही फोटो मी काढला नव्हता. तिथं मोबाईल हातात होता, तरी. जिथं दिवे मालवल्यावरच शेजारी बसता येत होतं अशी जागा जपावी की पाडावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जुन्या थिएटरांवर हळहळत मी इतकं लिहिलं, त्यातल्या कुठल्याच लेखात मी मागच्या बाकावर कोण बसतं आणि बेल झाल्यावर कोण उठतं, हे विचारलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मामेभावानं सपाट झालेल्या जागेचा फोटो पाठवला. विटांचा ढीग, बाजूला जेसीबी. आईला दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला, फोन माझ्याकडे परत दिला आणि म्हणाली, "इंदूला लाव."

हॉलमध्ये पाहुणे होते. मी तिला आतल्या खोलीत फोन देऊ का विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली, पंख्याखालच्या खुर्चीत नीट बसली आणि सगळ्यांदेखत, वर्गात बोलायची त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "इंदे, झालं गं. पाडली."